सरकारने नेलेला तास

मानवजातीने काळावर विजय मिळवला तो घड्याळाच्या शोधाने, असं एका जाडजूड पुस्तकात मी वाचलं आहे. आमच्या गावात हा विजय दर रविवारी किल्ली देऊन टिकवावा लागे. बाबा तापाने पडले किंवा मिशनच्या सभेसाठी नगरला जाऊन अडकले, की मंगळवारी केव्हातरी लंबक दमून थांबे आणि काळ पुन्हा मोकाट सुटे. मग बाबा येत, टोपी काढून ठेवत, स्टुलावर चढत आणि मानवजातीची लाज राखत.

गाव नगर-औरंगाबाद रस्त्यापासून अर्धा कोस आत. निम्मी घरं आम्हा ख्रिस्ती लोकांची, निम्मी हिंदू शेतकऱ्यांची. पाणी सगळ्यांना सारखंच कमी. शाळेची दगडी इमारत गावात सर्वांत उंच. सहा दिवस ती शाळा असे आणि सातव्या दिवशी आमचं देऊळ, म्हणजे चर्च. बाबा तिथले हेडमास्तर. भिंतीवरचं घड्याळ मिशनने दिलेलं, काळ्या लाकडाच्या पेटीतलं, पितळी लंबकाचं, तासाला ठोके देणारं. आमचं घर शाळेला भिंतीला भिंत लावून असल्यामुळे ते ठोके आमच्या स्वयंपाकघरात सुद्धा ऐकू येत. गावासाठी मात्र घंटा होती. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, लिंबाच्या फांदीला साखळीने टांगलेला. घड्याळात बघून बाबा त्यावर लोखंडी पहार मारत. शाळा भरली, शाळा सुटली, दुपार झाली, दिवेलागण झाली, हे गावाला त्या तुकड्यावरून कळे. ज्याला कुठली गाडी पकडायची नव्हती तोही घंटा झाल्यावर ‘उशीर झाला’ म्हणू लागला.

घड्याळाचे फायदे मी नाकारणार नाही. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या पूर्वी सावलीवर ठरत आणि त्यावरून भांडणं होत. घंटा आल्यावर पाळ्या घंटेवर ठरू लागल्या. भांडणं कमी झाली नाहीत, पण वेळेवर होऊ लागली. हिवतापाच्या दिवसांत क्विनीनच्या गोळ्या ठरल्या वेळी पोटात जाऊ लागल्या आणि काही माणसं त्यामुळे खरोखर वाचली. कुठल्या घरी मूल जन्मलं की घरातला कोणी धावत शाळेत येई, घड्याळात बघे आणि ती वेळ जोशाला सांगायला पुढे धावे. गावातल्या एका अख्ख्या पिढीच्या पत्रिका त्यामुळे धावणाऱ्याच्या दमावर अवलंबून आहेत. बाबांचा पत्रिकेवर विश्वास नव्हता, वेळेवर होता. आलेल्याला ते घड्याळापुढे नीट उभं करत आणि मिनिटासकट वेळ सांगत.

या सगळ्याच्या बाहेर गावात दोनच माणसं होती, आणि दोन्ही आमच्याच घरात. एक आई. तिने घड्याळाकडे कधी मान वर करून बघितलं नाही. शाळेच्या छपराची सावली आमच्या अंगणात पडे. ती उखळाला टेकली की तिची भाकरी तव्यावर पडे, तुळईच्या खांबाशी आली की ती पाण्याला निघे. तिचा स्वयंपाक कधी उशिरा झाला नाही. बाबा म्हणत, “सावली ऋतूप्रमाणे बदलते.” आई म्हणे, “मग भूक बी बदलते की.” यावर बाबा उठून शाळेत जात. ते स्टुलावर चढून काच पुसत.

दुसरा माझा थोरला भाऊ. दादा आईप्रमाणे कुठल्या तत्त्वाने बाहेर नव्हता. त्याला फक्त उशीर होई. हेडमास्तरांचा मुलगा, शाळेच्या भिंतीपलीकडे राहणारा, घंटा झाल्यावर सगळ्यात शेवटी वर्गात येई, केसांत गवत घेऊन. नाताळच्या उपासनेला उशीर, बारशाला उशीर, स्वतःच्या वार्षिक परीक्षेला उशीर. आई दारात उभी राहून म्हणे, “तुझी मौत बी तुला हुडकून दमंल रं.” आणि ताट झाकून ठेवी. त्याचं ताट झाकून ठेवलेलं नसे असा दिवस मला आठवत नाही.

यंत्र मात्र त्याला आवडत. लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा नगरच्या सर्व्हिस मोटारींना पाठीमागे कोळशाची मोठी शेगडी बसवली होती. त्या कोळशाच्या गॅसवर मोटार चाले, म्हणजे चाले तेव्हा चाले. मोटार फाट्यावर थांबली की दादा अर्धा कोस पळत जाई आणि त्या शेगडीत तोंड घालून काळा होऊन परत येई. त्यामुळे तो एक दिवस नगरच्या छावणीत जाऊन लष्करी लॉऱ्या चालवायला भरती झाला, याचं आम्हाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते याचं, की भरतीच्या दिवशी तो वेळेवर पोचला.

तो गेल्यावर काही महिन्यांनी सरकारने तो प्रसिद्ध हुकूम काढला. लढाईसाठी दिवसाचा उजेड वाचवायचा, म्हणून देशातली सगळी घड्याळं एक तास पुढे करायची. बाबांनी वर्तमानपत्र उभ्याने वाचलं. आमच्याकडे ते दोन दिवस शिळं येई, म्हणजे साम्राज्याच्या मागे आम्ही दोन दिवस आणि एक तास होतो. बाबांनी कोट घातला. साध्या दिवशी कोट घातलेला मी त्यांना प्रथमच पाहिला. मी तेव्हा ट्रेनिंग करून शाळेत बालवर्ग शिकवायला लागले होते. बाबांनी मला स्टूल धरायला सांगितलं, मोठा काटा एक पूर्ण फेरी फिरवला, घड्याळाने दहा ठोके दिले, आणि सूर्य नऊवरच राहिला.

गावाने हे शांतपणे घेतलं नाही. दुपारची घंटा झाली तेव्हा माणसं औतं सोडायला तयार होईनात, कारण सावली अजून पायाखाली आली नव्हती. संध्याकाळी पारावर बाबांना गाठून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, “मास्तर, येक तास नेला म्हनं सरकारनं. ठिवला कुटं?”

“नेला नाही, पुढे केला,” बाबा म्हणाले. “घड्याळात नऊ वाजायचे तिथं दहा वाजणार, इतकंच.”

“आन् कोंबडं?”

“कोंबड्याचं काय?”

“त्येला कळवलं का?”

लोक हसले. बाबा हसले नाहीत. हुकूम कोंबड्याला लागू नाही, असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. महिनाभरात गावात दोन वेळा झाल्या. मोटार, पोस्ट, शाळा आणि बाबा नव्या वेळेने चालत. शेतं, जनावरं आणि आई जुन्या वेळेने. मुंबईत म्हणे याशिवाय तिसरीच एक वेळ होती, पण मुंबईचं काय, तिथे सगळंच जास्त. आमच्या घरात दोन वेळा एकाच चुलीभोवती नांदू लागल्या. बाबा म्हणत, “अकरा वाजले, वाढ.” आई म्हणे, “धा वाजलेत, बसा.” भाकरी दोन्ही वेळी तीच असे.

दादा सुट्टीवर एकदाच आला. मिशी राखली होती आणि मनगटावर घड्याळ होतं. आईने ते पाहिलं. जेवताना तिने नेहमीप्रमाणे म्हटलं, “धा वाजले, जेवून घे,” आणि दादाने मनगटाकडे बघून हसत म्हटलं, “होय, तुझे दहा.” बाबांनी मान खाली घालून भाकरी मोडली. मला वाटतं, पुढे जे झालं ते या दोन शब्दांमुळे झालं.

पुढच्या नाताळला त्याला रजा मिळाली नाही. मग जानेवारीतल्या एका संध्याकाळी मोटारीचा कंडक्टर फाट्यावरून चालत आमच्या घरी आला. हा माणूस गावात कधी पाऊल टाकत नसे, म्हणून आई त्याला बघून आधी घाबरली. दादा त्याला नगरच्या मोटारतळावर भेटला होता.

“वयनी, पोरगं खुशाल हाय,” कंडक्टर म्हणाला. “उंद्या त्येंच्या लॉऱ्या निघाल्या. ह्याच रस्त्यानं, औरंगाबादेवरनं फुडं. लई लांब जायचंय म्हनला. ‘आईला सांगा, दहाला फाट्यावर ये. जास्त थांबता येनार न्हाई, पर तोंड दिसंल.’”

“बरा दिसतो का?” आईने विचारलं.

“रुबाब तर साहेबावानी. मला म्हनला, ‘तुमची मोटार कोळशावर चालते का देवावर?’ म्या म्हनलं, ‘निम्मी निम्मी.’”

कंडक्टर चहा पिऊन गेला. आई चुलीशी बसून राहिली. बाबा दारात येरझाऱ्या घालत होते. दहा म्हणजे कोणते दहा, हा प्रश्न आमच्या घराशिवाय देशात कोणाला पडला असेल असं मला वाटत नाही. लष्कर सरकारचं, लॉऱ्या सरकारच्या, तेव्हा दहा सरकारचे, हे कोणीही सांगितलं असतं. बाबांनी तर ते आधी सांगायला हवं होतं. पण बाबा थांबले आणि म्हणाले, “निरोप तुला आहे. ‘आईला सांगा’ म्हणाला. म्हणजे तुझ्या वेळेत सांगितलं असणार. त्याला ठाऊक आहे, तू माझं घड्याळ मानत नाहीस.”

आईने वर पाहिलं. “माझं धा?”

“तुझे दहा. माझे अकरा.”

लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली होती. बाबांनी तिच्या वेळेला वेळ म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि आईनेही ऐकलं नसावं. ती उठली, हुलग्याच्या पिठाचा डबा काढला आणि स्वतःशीच म्हणाली, “फौजेत जाऊन बी माझी येळ इसरला न्हाई, बघ.” ते म्हणताना तिचा चेहरा इतका खुलला होता, की कोणी दुसरा हिशोब मांडला असता तरी तो तोंडातून बाहेर पडला नसता. मी मांडला नव्हता. मलाही बाबांचं म्हणणं पटलं होतं. प्रेमळ होतं, आणि माझ्या अनुभवात प्रेमळ गोष्ट तपासून घ्यायची पद्धत नाही.

सकाळी आईने शेंगोळी करायला घेतली. हुलग्याच्या पिठाची लांबट वळकुटं, लसणाच्या झणझणीत पाण्यात शिजवलेली. दादाला याहून मोठी मेजवानी ठाऊक नव्हती. मात्र शेंगोळी गरम खायची असते. गार झाली की तिची खळ होते आणि ती भिंतीला कागद चिकटवायच्या कामाची. म्हणून आईने सगळं मागून मोजलं: पोचायचं केव्हा, निघायचं केव्हा, उतरवायचं केव्हा. एरवी ती मुलाला बघायला पहाटेच जाऊन बसली असती. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, “थंडीत तिथं बसून काय करू? त्येच्या तोंडात गार घालू?”

शनिवार होता. शाळा सकाळची. बाबांनी वर्ग दुसऱ्या मास्तरांवर सोपवले होते. भिंतीपलीकडे मुलं पाढे म्हणत होती. आई पाटावर बसून वळकुटं वळत होती, मी लसूण सोलत होते, बाबा कोट घालून उभेच होते. पलीकडे घड्याळाने दहाचे ठोके दिले. ते संपतात न संपतात तोच रस्त्याच्या बाजूने भोंगा ऐकू आला.

वारा तिकडूनच होता. एक लांब भोंगा, मग थोडा थांबून आणखी एक, मग लागोपाठ तीन-चार. त्या आठवड्यात लष्कराच्या गाड्या रोजच जात होत्या, त्यामुळे भोंग्याचं कोणाला कौतुक नव्हतं. पण हा थांबेना.

“कोन मेलं बोंबलतंय?” आई म्हणाली. “तेल फुकट मिळालंय जनू.”

“लॉऱ्या असतील का?” मी विचारलं.

बाबांनी क्षणभर कान दिला. घड्याळाने दहा सांगितले होते, कानाने भोंगा सांगितला होता. मग ते आईकडे बघून म्हणाले, “तुझ्या दहाला अजून तास आहे.”

आईने अंगणात नजर टाकली. सावली उखळापासून बरीच लांब होती. “तासभर हाय अजून,” तीही म्हणाली, आणि पुढचं वळकुट वळायला घेतलं. भोंगा आणखी थोडा वेळ वाजला. मग बंद झाला. आई हसून म्हणाली, “दमला एकदाचा.”

आम्ही वेळेच्या आधीच फाट्यावर पोचलो. डबा आईने पदरात गुंडाळून पोटाशी धरला होता. रस्ता मोकळा होता. कडेला खडीच्या ढिगावर एक बाई खडी फोडत बसली होती; रस्त्याच्या कामावरची, ओळखीची नव्हे. बाबांनी तिला विचारलं, लॉऱ्या अजून आल्या नाहीत ना.

“आल्या आन् गेल्या की,” ती म्हणाली. “मघाच. पंधरा-ईस हुत्या. मधली येक थांबली हुती.”

मग तिनेच पुढे सांगितलं. “त्यातनं येक पोरगं उतरलं, मिशीवालं. ह्या वाटंकडं बघत ऱ्हायलं. मग वर चढून भोंगा वाजवला, पुन्यांदा उतरलं, पुन्यांदा वाजवला. त्येचा साहेब मागनं वरडाया लागला तवा निघालं.” तिने हातोडा खाली ठेवला. “तुमी आई का?”

आई म्हणाली, “व्हय.”

“मला म्हनला, ‘आई आली तर येवढं सांगा, आज मी येळेवर आलो हुतो.’ आन् हसला.”

आई खडीच्या ढिगाशेजारी खाली बसली. रडली नाही. मग तिने डबा सोडला आणि त्या बाईला म्हणाली, “खा. गरम हाय तवर खा.” बाईने आढेवेढे न घेता खाल्लं. बोटं चाटून म्हणाली, “झ्याक झालंय. मीठ जरा कमी हाय.” आई म्हणाली, “त्याला कमीच लागतं.”

परतीच्या वाटेवर बाबा आमच्या पुढे चालत होते, कोटाचं वरचं बटण सोडून. वाटेत ते एकदाच बोलले. मागे न बघता म्हणाले, “घड्याळ बरोबर होतं.” त्यात अभिमान नव्हता. आयुष्यात प्रथमच ते खोटं निघावं असं त्यांना वाटत असावं. आई म्हणाली, “व्हय.”

त्या दिवसानंतर आईने सावली सोडली. कोणी तिला सांगितलं नाही. सकाळी ती शाळेच्या दारात येऊन उभी राही आणि बालवर्गातल्या मुलाप्रमाणे काटे वाचायला शिके. लहान काटा मला विचारून, मोठा अंदाजाने. काही आठवड्यांत ती बाबांच्या आधी सांगू लागली, अकरा वाजले, चला जेवायला. गावात जुन्या वेळेची बाकीची माणसं तिला म्हणत, “मास्तरीनबाई, तुमी बी सरकारात गेला?” मुलगा ज्या वेळेत गेला त्या वेळेत ती राहायला गेली होती, एवढंच. उलट बाबांचं. ते घंटा वेळेवर देत, किल्ली रविवारी देत, पण काच पुसेनासे झाले. घरात आता एकच वेळ होती आणि त्यावरून कोणी भांडत नव्हतं. मला आधीची भांडणं हवीशी वाटत.

एक नवी सवय मात्र आईला लागली. रस्त्यावर भोंगा वाजला की तिचे हात थांबत. पीठ मळताना, पाणी ओढताना, प्रार्थनेत सुद्धा. भोंगा संपला की हात पुन्हा चालू होत. तिचा स्वयंपाक आता उशिरा होऊ लागला.

पुढच्या वर्षी तार आली. तार तालुक्याहून सायकलवर आली, विनाविलंब. लष्कराची ही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ब्रह्मदेशाच्या हद्दीवर कुठेतरी रस्ता खचून लॉरी दरीत गेली होती. शत्रूने काही केलं नव्हतं; पावसाने केलं होतं. बाबांनी तार दोनदा वाचली. आई म्हणाली, “मला वाचून दावू नका, सांगा.” बाबांनी सांगितलं. त्या रात्री तिने एक ताट झाकून ठेवलं आणि सकाळी स्वतःच उघडून गाईला घातलं. पुन्हा कधी ठेवलं नाही.

नंतर लढाई संपली. नगरच्या छावणीत बँड वाजले, शाळेत साखर वाटायला आली, मुलांनी आम्ही शिकवलेल्या आरोळ्या ठोकल्या. आणि काही आठवड्यांनी वर्तमानपत्रात, दोन दिवस शिळ्या, आतल्या पानावर एक लहानशी बातमी होती: नेलेला तास सरकार परत देत आहे.

बाबांनी या वेळी कोट घातला नाही. ठोक्याच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवायचे नसतात, ठोके चुकतात. त्यामुळे एकच उपाय होता: लंबक हाताने थांबवायचा, तासभर घड्याळ बंद ठेवायचं आणि मग पुन्हा चालू करायचं. शाळेला सुट्टी होती. घड्याळाने अकरा ठोके दिले, मी स्टूल धरलं, बाबांनी पेटीचं दार उघडून लंबक दोन बोटांत धरला. टिकटिक थांबली. मला ती इतकी वर्षं ऐकू येत होती हे ती थांबल्यावर कळलं.

आई दारात उभी होती. “आता तासभर वाजनार न्हाई?”

“नाही.”

“मग मी फाट्यावर जाऊन येते.”

“कशाला?” बाबांनी विचारलं, आणि लगेच त्यांना विचारल्याचा पश्चात्ताप झालेला दिसला.

“आपल्याला तास कमी पडला हुता ना,” आई म्हणाली. “आता आलाय, तर तिथं बसते.”

तिला भ्रम झाला नव्हता. तिच्याइतकं स्वच्छ डोकं त्या गावात दुसरं नव्हतं. ती डबा न घेता, हात मोकळे सोडून निघाली. ती वळणाआड गेल्यावर बाबा स्टुलावर बसले आणि थोड्या वेळाने त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. गावात घड्याळ एकच होतं आणि ते बंद होतं. तास झाला हे कळणार कशाने?

मी म्हटलं, “सावलीने.”

आम्ही दोघं अंगणात जाऊन उभे राहिलो. सावली होती, उखळ होतं. पण कुठून कुठे गेली म्हणजे तास, हे बाबांना कधीच ठाऊक नव्हतं आणि मी आईला कधी विचारलं नव्हतं. बाबा बराच वेळ त्या उखळाकडे, एखाद्या न येणाऱ्या भाषेतल्या पुस्तकाकडे बघावं तसे बघत होते. मग म्हणाले, “ती आली की तास झाला असं धरू.”

आई आली तेव्हा तिचे पाय धुळीने भरले होते. बाबांनी विचारलं, “झाला तास?”

तिने अंगणात पाहिलं, सावलीकडे, अगदी क्षणभर. ती सावली तिने किती दिवसांत वाचली नव्हती. “झाला,” ती म्हणाली. “येक बैलगाडी गेली शेवगावच्या बाजाराला, आन् शेळ्या गेल्या.” मग हातपाय धुवून ती चुलीकडे गेली. बाबा आत गेले आणि त्यांनी लंबक सोडला.

मिशनचे साहेब तीन महिन्यांनी एकदा येत आणि त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाशी आमचं घड्याळ जुळवलं जाई. त्या नाताळच्या आधी ते आले, भिंतीकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं आणि म्हणाले, “मास्तर, तुमचं घड्याळ वीस मिनिटं मागे आहे.”

“होय साहेब,” बाबा म्हणाले.

साहेब वाट बघत उभे राहिले. बाबांनी स्टूल मागितलं नाही, मीही आणलं नाही. तीस वर्षांच्या नोकरीत बाबांनी साहेबांचं न ऐकलेलं तेवढंच. साहेब भला माणूस होता. त्याने दुसरा विषय काढला.

सावली वाचायची आईची सवय मोडली होती, की ती तिथे मुद्दामच जास्त बसली, हे मी तिला विचारलं नाही. आता माझ्या घरात घड्याळं पाच आहेत, मनगटावरचं धरून, आणि पाचही एकमेकांशी जुळतात. त्यांच्यामुळे मी कुठेही उशिरा पोचत नाही, आणि माझ्यासाठी कुठे कोणी ताट झाकून ठेवलेलंही नसतं.

बाबा असेपर्यंत गावची घंटा वीस मिनिटं मागेच वाजत राहिली. नगरची मोटार तशीही उशिरा येत असल्यामुळे कोणाचं काही अडलं नाही.